चाळिशीत लाँगबोर्ड शिकणाऱ्याला आधी थांबायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका सरांचं मनगट मोडलं. सर जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, वय ३८. ऑनलाइन मागवलेला लाँगबोर्ड, म्हणजे चाकांची लांब फळी, शनिवारी संध्याकाळी घरी आला आणि रविवारी सकाळी चहाच्या आधी सर त्यावरून पडले. तेव्हापासून आमच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या बजाजनगरात जो भेटतो तो एकच विचारतो, "या वयात काहून करावेत असले उद्योग?" सरांच्या आईंनी तर मला दारातच उभं करून विचारलं, कारण लेकाने ते माझं पाहून घेतलं होतं. त्यांना राग येणं बरोबरच आहे. रोज पहाटे बोर्ड काखेत मारून जाताना सर मला पाहत होते. पण ते शिकायला मी आधी काय काय केलं, हे त्यांनी पाहिलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नाही. ते मनाला लागून राहिलं आहे. पत्र लांबलं तरी छापावं, ही विनंती.

मी वाळूज एमआयडीसीत, गाड्यांचे रबरी सील तयार करणाऱ्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. वय ४५, वजन ७८ किलो. लाँगबोर्ड दोन वर्षांपासून चालवतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : तीन-साडेतीन फुटांची, कधी त्याहूनही लांब लाकडी फळी आणि तिच्याखाली चार चाकं. पोरं जिच्यावर उड्या मारतात ती आखूड फळी, म्हणजे स्केटबोर्ड, वेगळी. लाँगबोर्डवर नुसतं उभं राहून जायचं असतं, अंगाच्या झोकाने वळत. पहाटे साडेपाचला मोकळ्या रस्त्यावर दोन पाय मारले आणि फळी आवाज न करता पुढे निघाली की आठ तास मशीनसमोर आखडलेली पाठ मोकळी होते. मला हे फार आवडतं आणि ते आणखी लोकांना मिळावं असं वाटतं.

कारखान्यात कुणाचं नुसतं बोट चेपलं तरी आम्ही व्हाय-व्हाय करतो. पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि माणसावर खापर फोडून थांबायचं नाही. ‘वय झालं होतं’ हे उत्तर आमच्याकडे कागदावर चालत नाही. सरांच्या पडण्याचंही मी तसंच करून पाहिलं.

सर का पडले? फळी पायाखालून पुढे निसटली. का निसटली? ते मागे झुकले होते. उतारावर भीती वाटली की अंग आपोआप मागे जातं, वजन मागच्या चाकांवर येतं आणि फळी पुढे पळते. पंचविशीतल्या पोराचंही हेच होतं. मग ते उतारावर का गेले? सपाटीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्याने ढकलावं लागतं आणि ते पहिल्या दिवशी जमत नाही. गेटसमोरच्या रॅम्पवर फळी न ढकलता चालते, त्यामुळे शिकणाऱ्याला तेच सोपं वाटतं. बरं, चालली तर थांबवली का नाही? थांबवायची कशी तेच माहीत नव्हतं, आणि पायात चप्पल होती. पाचवा ‘का’ राहतो : हे त्यांना कुणी सांगितलं का नाही? कारण सांगणारं कुणी नाही. खोक्यात बोर्ड येतो, स्टिकर येतात, बाकी काही येत नाही. शहरात स्केटिंगचे क्लास आहेत, पण मी एका ठिकाणी विचारलं तेव्हा १४ वर्षांच्या आतलेच घेतो, असं उत्तर मिळालं. व्हाय-व्हाय इथे येऊन थांबतं.

वयाचं एवढं निघालंच आहे म्हणून सांगतो. स्केटबोर्डिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं ते टोकियोत, २०२१ साली. जपानच्या मोमिजी निशियाने १३व्या वर्षी सुवर्णपदक घेतलं. ते मी आणि माझ्या मुलीने टीव्हीवर मिळून पाहिलं आणि माझ्या डोक्यात हे तिथूनच शिरलं. पुढे २०२४ला पॅरिसमध्ये ब्रिटनचा अँडी मॅकडोनाल्ड ५१व्या वर्षी आणि दक्षिण आफ्रिकेचा डॅलस ओबरहोल्झर ४९व्या वर्षी उतरले. आपल्याकडेही २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने यात सुवर्ण मिळवलं आहे. अर्थात पॅरिसची ती दोन माणसं तरुणपणापासून फळीवर आहेत, आपण चाळिशीत पहिला पाय ठेवतो. पोर पडतं ते कमी उंचीवरून आणि त्याचं वजन २५ किलो असतं. आपण पडतो ते साडेपाच फुटांवरून, सत्तर-ऐंशी किलोंचे. मोडलेलं हाड जुळायलाही आपल्याला जास्त वेळ लागतो. म्हणून मोठ्या माणसाची शिकण्याची रीत वेगळी लागते.

आमच्याकडे नवा मुलगा मशीनवर उभा राहिला की पहिल्या दिवशी त्याला मशीन चालू करायला शिकवत नाहीत. आधी लाल बटण दाखवतात. ते हाताला न बघता सापडेपर्यंत दाबायला लावतात. दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, आम्ही हात पुढे करून शपथ घेतो आणि आमचे जुने फोरमन दरवेळी हीच बटणाची गोष्ट सांगतात. बोर्ड घेतला तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न तोच आला : याचं लाल बटण कुठंय?

ते आपल्या मागच्या पायात आहे. पुढचा पाय पुढच्या स्क्रूंच्या जरा मागे, बोटं जायच्या दिशेला. सगळं वजन त्या एका पायावर, गुडघा वाकलेला. मग मागचा पाय फळीवरून उतरवून बाजूला सोडायचा आणि तळवा जमिनीला घासू द्यायचा. आधी अगदी हलका, मग दाब वाढवत. रोवायचा नाही. रोवला की पाय मागे राहतो आणि आपण पुढे जातो. ऐकायला सोपं आहे, पण यात खरी अडचण एका पायावर तोल धरण्याची असते आणि आपल्यासारख्यांची ती सवय कधीच गेलेली असते. मी महिनाभर दात घासताना एका पायावर उभा राहत होतो, आधी डाव्या, मग उजव्या. आई म्हणायची, "बगळ्यावानी काय उभा राहू लागलास." पण त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा व्हिडिओ बघून झाला नाही.

तीसगावच्या अंगाला एक प्लॉटिंग पडलं आहे. रस्ते झालेत, विजेचे खांब लागलेत, प्लॉटला दगड रोवलेत आणि घर अजून एकही नाही. अशी प्लॉटिंगं आता मराठवाड्यात प्रत्येक तालुक्याच्या गावाबाहेर आहेत. तिथल्या वॉचमनमामांना विचारून मी सपाट तुकडा धरला. रस्त्यावर फक्कीने आडवी रेघ मारायची, वीस पावलांवरून यायचं आणि रेघेच्या आत थांबायचं. पहिले पंधरा दिवस मी फक्त एवढंच केलं. पाच वेळा ढकल, थांब. पाच वेळा ढकल, थांब. वळायला शिकलो तिसऱ्या आठवड्यात, आणि उतारावर, तोही प्लॉटिंगमधलाच बारीकसा, शेवटी सपाटी असलेला, गेलो चौथ्या महिन्यात. कुणी याहून लवकर जाईल, पण पायाने दहापैकी दहा वेळा रेघेच्या आत थांबता येत नसेल तर त्याने उतार बघूही नये.

आता पडण्याबद्दल, कारण सावध राहूनही माणूस पडतोच. आमचं मूळ गाव गंगापूर तालुक्यातलं. लहानपणी तालमीत जायचो तेव्हा वस्तादांनी पहिले आठ दिवस कुस्ती शिकवली नाही, मातीत पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, अंग सैल. बोर्ड घेतल्यावर ते आठवलं. घरातल्या दोन कापसाच्या गाद्या हॉलमध्ये टाकल्या आणि मुलीला आकडे मोजायला बसवलं. उकिडवं बसायचं, मग पुढे गुडघ्यांवर, कोपरांवर, शेवटी तळहातांवर सरकायचं. नाहीतर खांद्यावरून लोळण घ्यायची. मागे पडत असलो तर बसल्यासारखं खाली जाऊन पाठीवर लोळायचं, हात मागे टेकायचा नाही. पडताना ताठ हात पुढे किंवा मागे टाकणं ही माणसाची जन्मजात सवय आहे आणि मनगट मोडतं ते त्यानेच. सगळ्या अंगाचं वजन एका तळव्यावर येतं, मनगट मागे दुमडतं आणि तिथलं हाड मोडतं. सरांचं तेच झालं. ही सवय सांगून जात नाही, ती गादीवर शंभरदा पडूनच जाते.

तरीही हात पुढे जाईल, म्हणून मनगटपट्टे. यात तळव्याच्या बाजूने कडक प्लास्टिकची पट्टी असते. पडल्यावर हात जमिनीला अडकत नाही, सरकतो, आणि मनगट मागे दुमडत नाही. माझ्या डाव्या पट्टीवर चार खोल ओरखडे आहेत. ते मनगटावर आले असते. गुडघ्याचे आणि कोपराचे पॅडही घ्यावेत, पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी हेल्मेट, मग मनगटपट्टे, मग बाकीचं. आपल्या दुकानांत स्केटिंगचा किट मिळतो तो बहुतेक पोरांच्या मापाचा. मला मोठ्या मापाचे पट्टे मिळवायला दीड महिना लागला आणि तोवर मी फळीवर उभा राहिलो नाही.

हेल्मेटबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. ‘हळूच तर जायचंय’ म्हणून ते घालत नाहीत. पण थांबलेल्या फळीवरूनही माणूस पडला तर डोकं साडेपाच फुटांवरूनच खाली येतं, आणि फळी निसटून पडताना बहुतेकदा मागची बाजू आपटते. स्केटबोर्डचं हेल्मेट म्हणूनच मागे मानेच्या वरपर्यंत उतरलेलं असतं. लेबलवर सुरक्षा मानकाचा नंबर, ‘एएसटीएम एफ १४९२’ किंवा ‘ईएन १०७८’ लिहिलेलं पाहावं. यातलं दुसरं मानक सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट या तिन्हींसाठी आहे. तेव्हा घरात त्या मानकाचं सायकलचं हेल्मेट असेल तर सुरुवातीला ते चालतं. मात्र थर्माकोलसारख्या फोमचं हेल्मेट एकदा जोरात आपटलं की ते बदलायचं. वरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो.

चाकांविषयी लिहिल्याशिवाय माझ्यातल्या रबरवाल्याला राहवणार नाही. आमच्याकडे रबराचा कडकपणा शोअर ए या मापात मोजतात. खिशातल्या घड्याळाएवढं यंत्र रबरावर दाबायचं आणि आकडा वाचायचा. उड्यांच्या स्केटबोर्डचं चाक ५२-५४ मिलीमीटरचं आणि ९९च्या आसपास कडक असतं, जवळजवळ लाकडासारखं. लाँगबोर्डचं चाक ६५ ते ७५ मिलीमीटरचं आणि ७८ ते ८३च्या आसपास, म्हणजे नखाने दाबलं तर उलुसं दबेल इतकं. हा फरक शोभेचा नाही. आपल्या रस्त्यांवर टिप्परमधून सांडलेली खडी असते, मुरूम असतो. लहान कडक चाक हरभऱ्याएवढ्या खड्यालाही अडतं आणि जागेवर थांबतं, आणि माणूस त्याच वेगाने पुढे जातो. मोठं मऊ चाक तो खडा पोटात घेऊन पुढे जातं. अमेरिकेत सुरुवातीला चाकं लोखंडाची आणि मातीच्या लगद्याची असायची, तेव्हा हेच व्हायचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकची चाकं आणली आणि हा खेळ बदलला. ज्या वस्तूचे सील आम्ही रोज काढतो तिच्याच भाऊबंदांनी हे केलं, याचा मला अभिमान वाटतो. म्हणून नव्या माणसाने स्वस्तातला, कडक प्लास्टिकच्या चाकांचा पोरांचा बोर्ड घेऊ नये. फळी जमिनीला जितकी जवळ तितकं बरं, कारण ढकलताना आणि पाय घासताना गुडघा कमी वाकवावा लागतो. आतलं बेअरिंग मात्र आपल्या ओळखीचं, ६०८ नंबरचं, ८ मिलीमीटर बोअर, म्हणजे आतलं भोक, आणि २२ मिलीमीटर बाहेरचा व्यास. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. पावसात भिजलं की लगेच पुसून वाळवावं, नाहीतर गंज धरतो. तसंही पहिल्या पावसानंतर आपली काळी माती रस्त्यावर लोण्यासारखी पसरते, त्यावर चालवूच नये.

सरांचा बोर्ड मी नंतर पाना घेऊन तपासला. चाकांच्या आसाला ‘ट्रक’ म्हणतात. त्यात किंगपिन नावाचा जाड बोल्ट असतो आणि त्यावर दोन बुश, म्हणजे रबरासारख्या मऊ चकत्या. सरांनी त्याचा नट शेवटपर्यंत आवळला होता, घट्ट म्हणजे सुरक्षित असं समजून. इतक्या आवळलेल्या बोर्डवर अंग झुकवलं तरी तो वळत नाही, माणूसच बाजूला कलंडतो. फार सैल केला तर वेगात थरथरायला लागतो. सपाटीवर उभं राहून टाचांवर आणि बोटांवर भार दिला की फळी दोन्हीकडे सहज कलावी आणि भार काढला की सरळ व्हावी, इतपत नट ठेवावा. पायात पातळ, सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट हवेत. जाड तळव्याच्या पळायच्या बुटात फळी पायाला कळत नाही.

कारखान्यातली चार-पाच पोरं मला म्हणाली, "अण्णा, एकदा दौलताबादच्या घाटात जाऊ." मी स्पष्ट नाही म्हटलं. तिथली वळणं, पर्यटकांच्या बस आणि किल्ल्याच्या दगडी दरवाजातून जाणारा अरुंद रस्ता सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांना थांबवलं ते मी आकडेमोड करून. ताशी १५ किलोमीटरने जाणारा माणूस कशावर आदळला तर तो मार सुमारे ९० सेंटिमीटरवरून पडल्याएवढा असतो. ताशी ३० ला तो साडेतीन मीटरवरून पडल्याएवढा होतो. वेग दुप्पट, मार चौपट. पायाने घासून थांबणं फार वेगात उपयोगी पडत नाही, आणि फळीवरून उतरून पळायचं म्हटलं तरी माणूस जेवढं पळू शकतो तेवढ्याच वेगात ते जमतं. घाटात उतरणारे लोक हातमोज्यांच्या टेकूने चाकं आडवी घसरवून थांबतात. ते वेगळं शास्त्र आहे आणि इथे शिकवणारा मला अजून भेटलेला नाही. पोरांना आकडे पटले.

ज्यांना पायाला बधिरपणा आहे, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आहे किंवा चक्कर येते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं लवकर विरळ होतात, त्यांनीही.

आता मागणी. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात, तसंच जालना, बीड, परभणी, नांदेड, लातूर, हिंगोली, धाराशिवच्या जिल्हा क्रीडा संकुलांत जिथे गुळगुळीत सपाट काँक्रीट असेल, तिथे आठवड्यातून दोन दिवस सकाळी सहा ते सात हा वेळ मोठ्या नवशिक्यांना द्यावा. नवं काही बांधायची गरज नाही. पोरांना स्केटिंग शिकवणारे प्रशिक्षक आहेत, त्यांनी आमच्याकडूनही फी घ्यावी. पण आम्हाला थांबायला आणि पडायला शिकवल्याशिवाय फळी ढकलू देऊ नये. खेळाच्या दुकानदारांनी मोठ्या मापाचे मनगटपट्टे ठेवावेत आणि बोर्ड विकताना ते गिऱ्हाइकासमोर काढावेत. महानगरपालिकेने रविवारी पहाटे एखादा नवा डांबरी रस्ता दोन तास वाहनांना बंद केला तर सायकलवाले, चालणारे आणि आमच्यासारखे सगळेच येतील. सिमेंटच्या रस्त्याला झाडूच्या रेघा ओढलेल्या असतात, त्यावर चाक इतकं थरथरतं की दहा मिनिटांत तळपाय बधिर होतात. म्हणून डांबरी म्हणतो.

जागा मिळेपर्यंत मी रविवारी सहा वाजता त्या प्लॉटिंगवर असतो. वॉचमनमामांची परवानगी आहे. येणाऱ्याने हेल्मेट आणि सपाट बूट आणावेत, फक्की माझ्याकडे आहे.

सरांचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. मग डॉक्टर सांगतील तोवर मनगटाचे व्यायाम आणि त्यानंतरच बाकीचं. त्यांच्या आईंशी काल बोललो. बोर्ड सध्या त्यांनी कपाटावर ठेवला आहे. आमच्या हॉलमधल्या गाद्यांवर सरांना पडायला शिकू द्यायला मात्र त्या तयार झाल्यात, स्वतः समोर बसणार या अटीवर.

आपला,
टूलरूममधला एक कामगार वाचक,
बजाजनगर, वाळूज